जिवावर बेतलं होतं, पण दुखणं जीवघेणं नाही

ऐरोलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"ताई, माझी आई ६४ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात ताप आणि लघवीचं इन्फेक्शन म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये तिला सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. नर्स वळली नाही तोच आईचे ओठ सुजायला लागले, अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, श्वास घुसमटला आणि ती आडवीच झाली. तिथल्या डॉक्टरांनी लगेच मांडीत दुसरं इंजेक्शन देऊन अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. दोन रात्री आयसीयूत काढून चौथ्या दिवशी ती घरी आली. आता तब्येत चांगली आहे. पण डिस्चार्ज कार्डावर 'लाइफ-थ्रेटनिंग अ‍ॅनाफिलॅक्सिस' असं लिहिलंय. मी घरच्या ग्रुपवर त्याचं मराठी करून टाकलं, 'आईला जीवघेणी अ‍ॅलर्जी आहे.' तेव्हापासून घर नुसतं ढवळून निघालंय. साताऱ्याची आत्या रडत आली. तिने तो इंग्रजी शब्द मोबाईलवर शोधला, तर कॅन्सरची आणि शेवटच्या दिवसांतल्या सेवेची पानं आली. आईने बीपीची गोळीसुद्धा बंद केलीय, एकटी जिना उतरत नाही. दाढ काढायची ठरली होती, तीही नको म्हणते. उलट भावोजी म्हणतात, साधी अ‍ॅलर्जी होती, हॉस्पिटलवाले बिल फुगवायला असे शब्द घालतात. या शब्दाचा खरा अर्थ काय? मी चुकीचं भाषांतर केलं का? आणि आईला आता काय सांगू? सोबत कार्डाचा फोटो जोडतेय."

ताई, शब्दकोश उघडलात तर 'लाइफ-थ्रेटनिंग'समोर 'जीवघेणा', 'प्राणघातक' असंच काहीतरी सापडेल. त्यामुळे भाषांतराचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या मेसेजमध्ये घोळ झालाय तो शेवटच्या दोन अक्षरांत, 'आहे' मध्ये. कार्डावरचा शब्द एका सकाळबद्दल बोलतोय आणि तुमचा मेसेज आईच्या उरलेल्या आयुष्याबद्दल.

एरवी कोणी हा शब्द कसाही वापरो, औषधांच्या दुनियेत त्याची व्याख्या बांधलेली आहे. औषधांचे दुष्परिणाम कसे नोंदवायचे याची मार्गदर्शक तत्त्वं आयसीएच नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये काढली. त्यात लिहिलंय की घटना घडत असताना, त्याच वेळी, रुग्णाला मृत्यूचा धोका असेल तर तिला लाइफ-थ्रेटनिंग म्हणायचं. पुढे मुद्दाम खुलासाही केलाय, की हीच घटना आणखी तीव्र झाली असती तर कदाचित जीव गेला असता, असल्या जर-तरच्या घटना यात धरायच्या नाहीत.

ही एक ओळ तुमच्या घरातल्या दोन्ही पक्षांना उत्तर देते. भावोजींना सांगा की घाबरून किंवा घाबरवायला लिहायचा हा शब्द नव्हे, तो लिहिण्याजोगं काहीतरी त्या वेळी घडलेलं असावं लागतं. आत्यांना सांगा की ती वेळ सरली, म्हणजे शब्दाचं कामही सरलं.

आता फोटोतलं कार्ड बघू. नर्सिंग होमच्या चिठ्ठीवरून उतरवलेल्या नोंदी आहेत: ११.४० ला बीपी ७०/४०, ऑक्सिजन ८६, ओठ आणि जीभ सुजलेली, छातीत घरघर. ११.४२ ला अ‍ॅड्रेनालिन ०.५ मिलीग्रॅम, उजव्या मांडीत. ११.५५ ला बीपी ९०/६०. भावोजींना शब्द वाचून दाखवू नका, हे आकडे वाचून दाखवा. साध्या अ‍ॅलर्जीत अंगाला खाज सुटते, गांधी उठतात, गोळी घेतली की उतरतात. इथे रक्तदाब कोसळला होता आणि श्वासाची वाट सुजून बंद होत चालली होती. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे अंगभर अचानक उसळणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीत, माणूस जातो तो याच दोन वाटांनी. बिलाबद्दल शंका असेल तर बिलाची एकेक ओळ जरूर तपासा, तो तुमचा हक्क आहे. पण त्यासाठी हा शब्द खोटा ठरवायची गरज नाही. माझ्या मते त्या चिठ्ठीतली सगळ्यात मोलाची नोंद ११.४२ ची आहे. अ‍ॅनाफिलॅक्सिसचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत आणि ताबडतोब. तुमच्या त्या लहानशा नर्सिंग होमने दोन मिनिटांत ते दिलं. त्यांना पेढे द्यायला जायचं राहिलं असेल तर जाऊन या.

मग आईला दोन रात्री आयसीयूत कशाला ठेवलं, असंही भावोजी विचारतील. काही जणांत सगळं शमल्यावर काही तासांनी हीच लक्षणं पुन्हा उसळतात, नवीन औषध न देताही. म्हणून नजरेखाली ठेवतात.

तुमचा मूळ प्रश्न शब्दाचा, आणि मला खरा रस तिथेच आहे. औषधांच्या चाचण्यांची माहितीपत्रकं मराठीत करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यात एक पद्धत असते. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ मजकूर न बघता त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं आणि मग दोन इंग्रजी शेजारी ठेवून ताडून बघायचं. 'जीवघेणा' लिहून पाठवलं की परत येताना तो बहुतेक वेळा 'फेटल' होऊन येतो. फेटल म्हणजे ज्यात माणूस गेला. सही करायला बसलेला पेशंट नेमका हाच फरक शोधत असतो, जाईन की वाचेन, आणि नेमका तोच पुसला जातो. म्हणून आम्ही 'जिवाला धोका निर्माण करणारी प्रतिक्रिया' असं लांबलचक लिहितो. ऐकायला सरकारी वाटतं, पण त्यात माणूस जिवंत राहतो.

बरं, 'जीवघेणा' हा शब्द आपण वापरतो तरी किती! जीवघेणा उकाडा, जीवघेणी स्पर्धा, घोडबंदर रोडचे जीवघेणे खड्डे. वर्तमानपत्रात कळवा-मुंब्र्याच्या लोकलचा 'जीवघेणा प्रवास' इतक्या वेळा वाचलाय की डोळा त्या शब्दावर थांबेनासा झाला होता. मग ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं खाली पडून मेली, आणि तो शब्द त्या दिवशी अक्षरशः खरा झाला. म्हणजे रस्त्यावर हा शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालाय आणि घरात, आजारपणाशेजारी ठेवला की एकदम धारदार होतो. तुमच्या आईने तो उकाड्यासारखा ऐकला नाही, मुंब्र्यासारखा ऐकला. दोष तिचाही नाही.

'प्राणघातक' त्याहून विचित्र. 'तरुणावर प्राणघातक हल्ला' अशी बातमी वाचा, तो तरुण बहुधा सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर बसून पोलिसांना जबाब देत असतो. याउलट 'प्राणांतिक अपघात' असं पोलिसांच्या कागदावर आलं की कोणीतरी गेलेलं असतं. आणि 'मरणांतिक वेदना' झालेला माणूस मुतखडा पडल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तिन्ही शब्दांत मरण आहे, पण ते किती जवळ आहे हे शब्दाकडे बघून कळत नाही. सोबतचा शब्द बघावा लागतो.

इंग्रजीतही तसंच आहे आणि आत्यांची फसगत तिथेच झाली. 'लाइफ-थ्रेटनिंग'च्या पुढे 'इलनेस' आला की बोलणं लांब चालणाऱ्या दुखण्याबद्दल असतं. जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं सुसह्य करणाऱ्या सेवेची, जी व्याख्या केलीय तिच्यात हाच शब्दप्रयोग आहे. म्हणून मोबाईलने आत्यांना ती पानं दाखवली. तुमच्या कार्डावर त्याच्या पुढे 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' आहे. ती एक घटना, आली आणि गेली. आत्यांना एवढंच सांगा की कागदावर दोन शब्द होते आणि मोबाईलवर एकच टाकला गेला.

आणखी एक शब्द घरोघरी गोंधळ घालतो, तो 'सिरियस'. दुष्परिणामांच्या फॉर्मवर सिरियस म्हणजे परिणाम मोठा: मृत्यू, जिवाला धोका, हॉस्पिटलात भरती व्हावं लागणं, कायमचं अपंगत्व वगैरे. सिव्हिअर म्हणजे तीव्रता जास्त. कपाळ फुटेल अशी अर्धशिशी सिव्हिअर असते पण सहसा सिरियस नसते. मराठीत आपण दोन्हींना 'गंभीर' म्हणून मोकळे होतो. आणि आपल्या घरांत 'सिरियस आहे' याचा अर्थ तर तारांच्या जमान्यापासून एकच: असाल तसे निघा. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, धसका मात्र शाबूत आहे. म्हणून डॉक्टरांनी फोनवर 'सिरियस आहे' म्हटलं तर लगेच विचारायचं, या क्षणी जिवाला धोका आहे का, की दुखणं मोठं आहे पण आत्ता धोका नाही? तसंच 'स्थिर' या शब्दाचं. प्रकृती स्थिर म्हणजे बरी नव्हे, आकडे वरखाली होत नाहीत एवढंच. व्हेंटिलेटरवरचा माणूसही स्थिर असू शकतो.

तर मग आईबद्दल काय म्हणायचं? अहो, आपल्याकडे यासाठी तयार वाक्य पडलंय. 'जिवावर बेतलं होतं.' आजी म्हणायची तसं. यात धोका पुरता आहे, काही लपवलेलं नाही, आणि 'होतं' मध्ये तो मागे पडलाय हेही आलं. 'जिवावरचं शेपटावर गेलं' ही म्हणसुद्धा याच प्रसंगासाठी आहे, मोठं संकट थोडक्यात निभावलं म्हणून. फक्त बेतलं म्हणायच्या घाईत 'जिवावर आलं होतं' म्हणू नका, जिवावर येतं ते सकाळी सहाला उठायचं. आणि 'जिवावर उठलं' म्हणालात तर नर्सिंग होमवाले केस करतील.

ग्रुपवर नवा मेसेज टाका. मी लिहून देते, हवा तसा बदला: "आईला सेफ्ट्रायॅक्सोन या औषधाची अ‍ॅलर्जी निघाली. त्या इंजेक्शनमुळे तिच्या जिवावर बेतलं होतं, वेळेत उपचार मिळाले. आता ती बरी आहे. तिला कुठलाही नवा आजार झालेला नाही. हे औषध आणि डॉक्टरांनी सांगितलेली त्याच्या जातीची औषधं तिला पुन्हा द्यायची नाहीत, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा." औषधाचं नाव मेसेजमध्ये आलंच पाहिजे. पहिल्या मेसेजमध्ये भीती होती आणि नाव नव्हतं, त्यामुळे आईला सगळ्याच गोळ्यांची धास्ती बसली.

आईशी मात्र मेसेजने नको, समोर बसून बोला. तिला 'काही झालं नव्हतं गं' असं म्हणू नका. तिने स्वतःचा श्वास अडकताना अनुभवलाय, तिला खोटं लगेच कळेल आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. सांगायचं ते असं, की धोका जिन्यात नव्हता, एकटं असण्यात नव्हता, बीपीच्या गोळीत नव्हता. तो एका औषधात होता आणि ते औषध आपल्याला नावाने माहीत झालंय. नाव माहीत नसलेल्या अ‍ॅलर्जीपेक्षा ही बरीच बरी परिस्थिती आहे.

बीपीच्या गोळीचं आजच बघा, यात चालढकल नको. गोळी अचानक सोडल्याने होणारा त्रास वेगळाच असतो. फॅमिली डॉक्टरांना फोन करून गोळी बंद झाल्याचं सांगा आणि एक नेमका प्रश्न विचारा: तिची गोळी बीटा-ब्लॉकर गटातली आहे का? अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्या गटातली नावं. अ‍ॅनाफिलॅक्सिस झालेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टर या गटाचा पुन्हा विचार करतात, कारण संकटाच्या वेळी या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. बदलायची की तीच ठेवायची, हे तेच ठरवतील. आईने किंवा भावोजींनी ठरवायचं नाही.

आईच्या पर्समध्ये एक छोटं कार्ड ठेवा. त्यावर मूळ औषधाचं नाव, सेफ्ट्रायॅक्सोन, आणि शेजारी 'लाइफ-थ्रेटनिंग अ‍ॅनाफिलॅक्सिस' हेच शब्द, तारखेसकट. घरात सौम्य बोला, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर हा शब्द बिलकुल सौम्य करू नका. तिथे तोच जीव वाचवतो. 'थोडी अ‍ॅलर्जी आहे' म्हटलं की कॅज्युअल्टीतला दमलेला डॉक्टर पित्त समजून पुढे जाईल. औषध ब्रँडच्या नावाने लिहू नका, कारण एकच औषध दहा कंपन्यांच्या दहा नावांनी विकलं जातं. कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवा, भावोजींच्यासुद्धा. आणि पुन्हा कधी तशी लक्षणं दिसलीच, तर १०८ ला फोन करायचा, आईला आडवं करून पाय उंच ठेवायचे, श्वास लागत असेल तर टेकवून बसवायचं. उठून चालायला लावायचं नाही.

जमलं तर अजून एक काम करा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे २०११ पासून औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद ठेवली जाते. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल-फ्री नंबर. रुग्णाचे नातेवाईकही नोंद करू शकतात. फॉर्मवर गंभीरतेच्या चौकटी असतात, त्यांत 'लाइफ-थ्रेटनिंग' ही एक. तिथे बेधडक खूण करा. ही कोणाविरुद्ध तक्रार नसते, नर्सिंग होमला त्याचा काही त्रास नाही.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण भावोजी आहेत म्हटल्यावर विषय निघेलच. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी या शब्दावर चालत नाही. तिच्यात आजारांची यादी ठरलेली असते, कॅन्सर, हार्ट अटॅक वगैरे, तेही ठरावीक तीव्रतेचे. कार्डावर लाइफ-थ्रेटनिंग लिहिलंय म्हणून तिथे दावा लागत नाही. भरतीचा खर्च साध्या मेडिक्लेममधूनच मागायचा.

राहिली दाढ. ती काढायला हरकत असण्याचं मला तरी कारण दिसत नाही, पण दाताच्या डॉक्टरांना आधी फोनवर सगळं सांगा आणि डिस्चार्ज कार्ड पाठवा. भुलीसाठी सहसा लिग्नोकेन देतात, त्याचा सेफ्ट्रायॅक्सोनशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे त्या भुलीच्या इंजेक्शनात बऱ्याचदा थोडं अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, आईला ज्याने वाचवलं तेच. तिला हे जरूर सांगा. बीपीचं मात्र डॉक्टरांना आठवणीने सांगायला हवं, ते त्याचं प्रमाण बघून घेतील. खरी काळजी नंतरच्या गोळ्यांची. दाढ काढल्यावर अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन लिहितात. ते पेनिसिलिनच्या जातीचं, आणि सेफ्ट्रायॅक्सोन ज्या जातीचं ती पेनिसिलिनची चुलत जात. आईला पेनिसिलिन चालेल की नाही हे अंदाजाने ठरवायचं नाही. हॉस्पिटलच्या फिजिशियनकडून किंवा अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडून कोणती औषधं चालतील आणि कोणती नाहीत हे लेखी घ्या. 'सगळ्या अँटिबायोटिक्सची अ‍ॅलर्जी' असं मात्र कुठेही लिहू देऊ नका, नाहीतर पुढच्या तापात डॉक्टरांच्या हातात काही उरणार नाही. तो कागद येईपर्यंत अपॉइंटमेंट पुढे ढकला, आणि तोवर दाढ ठणकली तर तिला पॅरासिटामॉल द्यायची का, तेवढं फॅमिली डॉक्टरांना बीपीच्या गोळीच्या त्याच फोनवर विचारून घ्या.